पौषातले टेकोडे

आमच्या घरात त्या दोन-तीन वर्षांत माणसांना झोपायला जागा नव्हती, कारण सगळीकडे कापूस झोपलेला असायचा. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवांच्या कोनाड्याखाली कापूस. माय म्हणायची, आता देवच तेवढे गादीवर बसायचे राहिलेत. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली आहे आणि म्हणून आपल्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचे दिवस आलेत, असं मोठी माणसं बोलायची. कोण कोणाशी लढतं हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. ती लढाई संपू नये एवढं मात्र सगळ्यांना वाटायचं. आज लिहिताना त्याची लाज वाटते, पण देवापुढे हात जोडून तसं मागणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती काही वाईट माणसं नव्हती. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांच्यातलेच एक होते.

आमचं गाव दर्यापूरच्या अलीकडे, काळ्या मातीतलं. कापूस इथून बैलगाड्यांनी अमरावतीला जायचा, पुढं आगगाडी आली तेव्हा अकोल्याच्या वाटेनंही जाऊ लागला. आबांनी त्या वर्षांत ज्वारीच्या वावरात कापूस पेरला, तुरीच्या पट्ट्यात कापूस पेरला, आणि शेवटी मायची परसातली भाजीची जागा, जिथं वांगी, आंबाडी, चार वेल वाळकाचे असायचे, तिथंही सरकी टाकली. घरात नवी तांब्याची घागर आली, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, आणि ताटातली भाजी गेली. खोटं वाटेल, पण बरकतीच्या त्या वर्षांत आम्ही जितक्या कण्या खाल्ल्या तितक्या पुढं कधी खाल्ल्या नाहीत. कण्या, वर जवसाचं तेल, आणि लाल मिरचीचा ठेचा. माझी माय ताट वाढताना मान वर करत नसे.

परसाच्या मागं रेच्यांचा मांडव होता. रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी यंत्र. दोन लाट्या एकमेकींवर फिरतात, एक बाई कापूस घालते, दुसरी दांडा फिरवते, रुई पलीकडे पडते आणि सरकी अलीकडे. असे सात रेचे मांडवात सकाळपासून कुरकुरत असायचे, जणू सात म्हाताऱ्या एकदमच गाऱ्हाणं सांगताहेत. भिंतीपलीकडं पिंजाऱ्याचं घर. तिथून पिंजणाच्या तातीचा टँव टँव आवाज यायचा. तो थांबला की हमीदाचाची भिंतीवरून डोकं काढायची आणि मांडवातल्या बायांना विचारायची, "काय वो, आज कोणाची निंदा चालू हाय? माह्यी असन तर जरा जोरानं बोला, मले बी ऐकू द्या." पिंजारीचाचा स्वभावानं अबोल, त्यामुळं घरातलं सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलं होतं.

मांडवातल्या सगळ्यांत कोपऱ्यातल्या रेच्यावर माझी ठकूआत्या बसायची. आबांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, लेकरू नव्हतं. आमच्यात बायकांचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, आत्यालाही दोन ठिकाणांहून विचारणं आलं होतं, पण ती म्हणाली, "एकदा बसली तेवढी गाडी पुरे झाली मले." ती भावाकडे परत आली ती कायमचीच. आबा तिला कधी टाकून बोलले नाहीत. पण न बोलताही घरात कोणाची जागा कुठं, ते कळतं. आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलेलं जेवायची, आणि पंगतीत नाही तर चुलीच्या आडोशाला. हळदीकुंकवाला बाया आल्या की ती आपोआप परसात जायची. तिला कोणी जा म्हणत नसे. हेच मला तेव्हा फार चांगलं वाटायचं, की आमच्या आत्याला कोणी जा म्हणत नाही. मी तिच्या रेच्यावर कापूस घालायला बसायची, ती दांडा फिरवायची. माझं वय दहा-अकराचं असेल.

मांडवाच्या मागं कचऱ्याचा ढीग होता. फुटकी बोंडं, पाचोळा, माती लागलेला कापूस, कुजकी सरकी, सगळं तिथं पडायचं, वरून गोठ्यातलं मूतशेण. ढीग पुरुषभर उंच झाला होता. आमच्याकडचा पौष फार बोचरा. लोकांना वाटतं वऱ्हाड म्हणजे नुसता उन्हाळा, पण पौषात पहाटे घागरीतलं पाणी हाताला चावतं. त्या थंडीत तो ढीग वाफा टाकायचा. कापसाचा कचरा कुजताना आतून तापतो. मांडवात येणाऱ्या बाया आधी ढिगात पाय खुपसून उभ्या राहायच्या, मग रेच्यावर बसायच्या. अशाच एका सकाळी आत्यानं ऊब घ्यायला हात कोपरापर्यंत आत घातला आणि तिचा चेहराच बदलला. हात बाहेर काढला तर तळव्यावर कबुतराच्या अंड्याएवढं काही तरी, पांढरं, खाली जरासं करडं.

"चंद्रे, हे पाह्य. टेकोडा!"

टेकोडे म्हणजे पुण्या-मुंबईची माणसं ज्याला अळंबी म्हणतात ते. आमच्याकडे ते आखाड-श्रावणात वारुळांजवळ येतात, चार दिवस येतात आणि जातात. पौषात टेकोडा म्हणजे दिवाळीत आंबा. मी आनंदानं मायला सांगायला धावणार, तोच आत्यानं माझं मनगट धरलं. "थांब पोट्टी. वारुळाजवळचा मले वळखू येते. हा कचऱ्यातला हाय, कसा निंगते काय सांगा? आंधी मी खाते. दोन दिवस मले पाह्य. काही झालं नाही, मंग घराले देऊ."

"अन् काही झालं तर?"

"झालं तर रेच्यावर दुसरी बाई बसवतीन तुहे आबा. त्यात काय."

तिनं हे हसत सांगितलं. मी मात्र हसले नाही. तिनं मूठभर टेकोडे कांदा-तिखटात परतून चुलीच्या आडोशाला बसून खाल्ले, आणि त्या दोन दिवसांत मी तिच्या पाठीमागं सावलीसारखी फिरले. ती जांभई देई तरी मी तिचं कपाळ चाचपून पाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली, "ऊठ वो माह्ये राखणदार, मी जित्ती हाय." त्या दिवशी घरात टेकोड्यांचा रस्सा झाला. आबा तीन भाकरी खाऊन गेले. मायनं कितीतरी दिवसांनी वाढताना वर पाहिलं.

त्यानंतरचं वर्षभर आत्यानं त्या ढिगाची जी काही सेवा केली, ती मी पुढं माझ्या लेकरांचीही केली नाही. ती शिकली ते चुका करून. ढीग फार तापतो तिथं टेकोडे येत नाहीत, थंड पडतो तिथंही येत नाहीत. हात आत घालून सोसवेल एवढाच ऊन असला पाहिजे. हे कळायला तिला दोन महिने लागले. मग तिनं मोठ्या ढिगाच्या कुशीला लहान लहान वाफे केले. त्यात नवा कचरा पाणी मारून दाबायचा, आणि जुन्या वाफ्यातलं पांढऱ्या सुतासारखं जाळं धरलेलं एक ढेकूळ मधोमध पुरायचं. "दह्याले इरजण लावतो तसंच हाय हे," ती म्हणायची, "इरजण मेलं नाही पाह्यजे, बस." हिवाळ्यात वाफ्यावर ताजं शेण, पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणि जुन्या तरटाचे तीन-तीन थर. उन्हाळ्यात वाफा चिंचेच्या सावलीत हलवायचा आणि तरट सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवायचं. पावसाळ्यात उतार करून पाणी काढून द्यायचं. चैत्रात, जेव्हा पाखरं चोच उघडी ठेवून बसतात, तेव्हाही आमच्या घरी टेकोडे होते. उघड्यावर, बारा महिने. हे मी आज कोणाला सांगितलं तर म्हातारी बडबडते म्हणतील.

एकदा पाणी जास्त झालं आणि वाफ्यात लांब मानेचे, राखी रंगाचे भलतेच टेकोडे आले, ते दुपारपर्यंत विरघळून काळं पाणी झाले. आत्या हळहळली. मी ते पाणी करवंटीत धरलं. शाळा मी कधी पाहिली नाही. कापसाच्या बोऱ्यांवर अमरावतीचा दलाल जी अक्षरं घालायचा, ती पाहून पाहून मला तोंडपाठ झाली होती. त्या काळ्या पाण्यानं, बाभळीच्या काडीनं, मी मांडवाच्या भिंतीवर माझं पहिलं अक्षर काढलं. ते 'ठ' होतं. सोपं म्हणून नाही काढलं, आत्याचं म्हणून काढलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "हे मी हाय? मले वाटलं वांगं हाय."

आणि आत्या बदलली, ते लिहायलाच हवं. भाजी सगळ्या गावातूनच गेली होती, तेव्हा बाया वाडगं घेऊन परसात येऊ लागल्या. कोणी ज्वारी देई, कोणी शेंगदाणे, कोणी नुसतं बसून बोलून जाई. "ठकूबाई हायेत काय घरी?" अशी हाक आमच्या दारात पहिल्यांदा ऐकली तेव्हा मायही चकित झाली. आत्या आता पंगत उठायच्या आत जेवू लागली. पदर कमरेला खोचून, वाफ्यापाशी उभी राहून, चार बायांना "ह्याले हात लावू नका, उद्या फुगतीन" असं बजावणारी आत्या मी आधी पाहिली नव्हती. तो ढीग तिचा होता. दुसरं तिचं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी संक्रांत झाली आणि जेवताना आबा म्हणाले, "कापूस ठेवाले जागाच नाही राह्यली. मांडवामागचा तो ढीग सोमवारी साफ करतो. पेटवून देऊ, अन् तथी दुसरा मांडव घालू."

माय चुलीपाशी थबकली. मी आत्याकडे पाहिलं. ती भाकर थापत होती, थापतच राहिली. आबा जेवून गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तू बोलली काहून नाही? आबाले सांग ना!"

"काय सांगू? भावाचं घर, भावाची जागा, भावाचा कचरा. माह्यं त्यात काय हाय?"

"मंग वाफे दुसरीकडे नेऊ!"

"कुठी? सारीकडं कापूसच हाय." तिनं भाकर तव्यावर टाकली. "एक साल खाल्लं ना पोटभर. लय झालं."

हे ती ज्या आवाजात बोलली तो आवाज मला सहन झाला नाही. आबांना उलट बोलायची माझी छाती नव्हती. आबा कोणाला भितात, याचा मी दोन दिवस विचार केला. आबा दलालाला भीत नसत, पाटलाला भीत नसत. आबा एकाच गोष्टीला भीत. वावरात नांगर धरला आणि वारूळ आलं, तर ते नांगर उचलून, वळसा घालून जात. नागाच्या जागेला लोखंड लावायचं नाही, ही त्यांची रीत होती.

सोमवारी उजाडायच्या वेळी मी उठले. देवांच्या कोनाड्यातला शेंदूर तेलात कालवला, वारुळाजवळून आणून ठेवलेला एक गोल दगड घेतला आणि ढिगाच्या माथ्यावर बसवून माखला. ढीग वाफा टाकत होता. त्या वाफेत तो तांबडा दगड इतका खरा दिसत होता की क्षणभर मलाच भीती वाटली. मग मांडवात पहिल्या बाया शिरताना दिसल्या आणि मी किंकाळी फोडली. "नागोबा! नागोबा बसला होता! फणा काढून!"

पुढं जे झालं त्यात माझा हात नाही. मी एक नाग सांगितला होता. ऊन वर येईतो एका बाईनं त्याची शेपटी ढिगात शिरताना पाहिली होती. दुसरीनं तो परवाच पाहिला होता, पण सांगायचं भ्याली होती. तिसरीला त्याच्या डोक्यावर मणी दिसला. शेंदूर कोणी लावला हे कोणी विचारलंच नाही, दगड आपणहून वर आला असं ठरलं. शेंड्याजवळ दोन टेकोडे फुटले होते, त्यांना नागाचे फणे म्हणून हळद वाहिली गेली. आबा दोन गडी आणि फावडी घेऊन आले. त्यांनी दगड पाहिला, वाफ पाहिली, आणि पायातल्या वहाणा काढल्या. "काय बाप्पा," एवढंच म्हणाले, आणि फावडी परत गेली.

मी चिंचेआड उभी राहून हसू तोंडात दाबत होते. ढीग वाचला होता. तेवढ्यात आत्या रोजच्यासारखी टोपली घेऊन आली. वाफ्याकडे वळली, तशी ढिगापाशी बसलेली पाटलाची म्हातारी आई, कपाळभर कुंकू लावलेली, उठली. प्रेमळ बाई ती, आत्याकडून दर आठवड्याला टेकोडे न्यायची. तिनं हात आडवा केला आणि हळूच, अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "ठकू माय, तू नको वो आता जवळ येऊ. देवाचं ठिकाण झालं ना हे. दुरूनच हात जोड."

आत्या उभी राहिली. टोपली तिच्या कमरेवर होती. तिनं ती खाली ठेवली, दोन्ही हात जोडले, टोपली उचलली आणि मांडवात आपल्या रेच्यावर जाऊन बसली. मला वाटतं, माझं बालपण तिथं संपलं. लोक म्हणतात लग्नानं संपतं. माझं त्या टोपलीपाशी संपलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला माहीत. वाफ्यांत टेकोडे यायचे, कोणी तोडायचं नाही, कारण देवाचे. ते उमलायचे, सुकायचे, दूध आणि तेलात लोळून काळे पडायचे. नवा कचरा ढिगावर टाकणं पाप झालं, त्यामुळं ढीग आतून निवत चालला. आत्या रेच्यावरून ते सगळं पाहायची. ताटात पुन्हा कण्या आल्या आणि आत्या पुन्हा शेवटी जेवू लागली. बाया आता परसात यायच्या त्या वाडगं घेऊन नाही, तबक घेऊन, आणि आत्या दिसली की बाजूनं जायच्या.

शेवटी एका सकाळी रेच्यावर मी सांगितलं. मान खाली घालून, कापूस लाट्यांत घालत घालत. "आत्या, नाग नव्हता. दगड मी ठेवला. शेंदूर मी लावला."

तिचा हात दांड्यावर फिरतच राहिला. "मले मालूम हाय."

"कोणी सांगितलं?"

"तुह्या नखांनी. तीन दिवस शेंदूर होता नखात. तुह्या मायनं बी पाह्यला."

"मंग तू गावाले सांगितलं काहून नाही? ढीग तुले भेटला असता ना!"

"अन् तुले काय भेटलं असतं? देवाच्या नावानं खोटं बोलणारी पोट्टी म्हणून तुले कोणी दारात उभं नसतं केलं. तू माह्यासाठी केलं ते. आता माह्यासाठीच गप्प ऱ्हाय." मग नवा कापूस माझ्यापुढं सारत म्हणाली, "पण इरजण मेलं, त्याचं जिवाले लागते. दुसरं काही नाही."

रेच्याच्या कुरकुरीत भिंतीपलीकडचा टँव टँव ऐकू येत होता. मी त्या आवाजाकडे पाहिलं, आणि आत्यानं माझ्याकडे. पिंजाऱ्याच्या अंगणात पिंजून उरलेल्या रद्दी कापसाचा हा एवढा ढिगारा होता. तिथं वऱ्हाडातला कोणताही नागोबा जाणार नव्हता.

आत्याला ढिगाजवळ जाता येत नव्हतं, पण मी कुवारीण. मला तर बोलावून नेत. दुसऱ्या दिवशी मी हळद-कुंकवाचं तबक घेतलं, डोळे मिटून ढिगाच्या मागच्या बाजूला बसले आणि पदराआडून हात आत घातला. वीतभर थंड. कोपरापर्यंत थंड. खांद्यापर्यंत गेला तेव्हा बोटांना मांजराच्या पोटाएवढी ऊब लागली. पांढऱ्या सुताचं ढेकूळ ओढून काढलं आणि ओटीत टाकलं. पाटलाची आई पाहत होती. "किती वेळ पाया पडते वो ही पोट्टी!" ती कौतुकानं म्हणाली. "हिले चांगलं घर भेटीन."

हमीदाचाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरधरून हसली. "माह्या अंगणात घाला ना बाई, जागा लय हाय. पण तुमचा देव मागं मागं आला तर? माह्यी बकरी तर आटली, दूध कुठून देऊ त्याले?" मग हसू आवरून आत्याकडे नीट पाहत म्हणाली, "पर ठकूबाई, सच बोला. आमच्या अंगणातलं तुम्ही लोकं खासान?"

आत्या गुडघ्यावर बसून रद्दी कापूस भिजवत होती. "कचरा तुमचा, पाणी तुमचं, लेंड्या तुमच्या बकरीच्या. इरजण माह्यं. दही लागल्यावर त्यातून कोणाचं काय वेगळं काढू मी?" चाची उठली. घरातून आपली जुनी गोधडी आणून तिनं वाफ्यावर पांघरली.

मग वाट पाहणं. आठ दिवस काही नाही. दहा दिवस काही नाही. आत्या रोज रेचा सुटला की पलीकडे जायची, हात घालून पाहायची आणि हात झटकत परत यायची. मी नवस केला, तो कोणाला केला ते विचारू नका, मला दुसरा कोणी आठवलाच नाही. सतराव्या दिवशी भिंतीवरून चाचीचं डोकं वर आलं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडायची तिची सवय, पण त्या दिवशी तिनं नुसतं बोट वाकवून आत्याला बोलावलं. गोधडी उचलली तर खाली अकरा टेकोडे, अंड्यासारखे. आत्या त्यांच्याकडे पाहतच बसली, आणि चाची म्हणाली, "रडून नका राहू वो, खारट होतीन."

त्या दिवशी रस्सा झाला. आबा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. ढिगावरचं कोणी तोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मायकडे पाहिलं, चुलीच्या आडोशाला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझे हात मी पाठीमागं लपवले, नखं स्वच्छ होती तरी. आबांनी आणखी एक भाकर मागून घेतली. हात धुताना गड्याला म्हणाले, "मांडवातला कचरा आजपासून पिंजाऱ्याकडं टाकत जा. अथी देवाजवळ घाण नको." आणि जाता जाता, कोणाकडेही न पाहता, "ठकूचं ताट वाढा. थंडं होऊन राह्यलं."

पुढं लढाई संपली, कापूस पडला, घरातून कापूस उठला आणि माणसं पुन्हा ऐसपैस झोपू लागली. मायच्या भाजीची जागा परत आली. माझं लग्न अकोल्याकडं झालं. आत्यानं तो वाफा पिंजाऱ्याच्या अंगणात तिचे हात चालत होते तोवर चालवला. ती गेली तेव्हा मी पोहोचू शकले नाही. चाची म्हणाली, शेवटच्या दिवशी तिनं विचारलं होतं, गोधडी भिजवली का.

आता मी अमरावतीला मुलाजवळ असते. यंदा माघात सुनेनं हट्ट धरला, तुमच्या माहेरच्या नागोबाला रोडगे करू. ते ठाणं आता मोठं जागृत म्हणतात. ढीग केव्हाच मातीत गेला. त्यावर ओटा झाला, ओट्यावर देऊळ, आणि माघात गावोगावचे लोक गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायला येतात. आम्हीही गेलो. गाभाऱ्याशी एक तरुण बाई सगळ्यांना रांगेत लावत होती. माझ्या कपाळाकडे तिचं लक्ष गेलं. मालक गेल्याला माझ्याही आता सहा वर्षं झाली. ती अगदी मायेनं म्हणाली, "आजी, तुम्ही अथूनच हात जोडा."

मी हात जोडले. ती जागा मला ओळखीची वाटली. मांडव नाही, चिंच नाही, पण पावलांचा अंदाज चुकला नाही. टोपली ठेवली होती ती हीच जागा. सून संतापून काही बोलणार, तिला मी खुणेनं आत जायला सांगितलं.

देवळाला वळसा घालून मी मागं गेले. तिथं निर्माल्याचा ढीग होता. फुलं, नारळाच्या शेंड्या, पत्रावळी, रोडग्यांची राख, वर्षानुवर्षांचं. सकाळची थंडी होती आणि ढीग वाफा टाकत होता. मी आजूबाजूला पाहिलं, गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले, आणि हात घातला. कोपरापर्यंत. आत ऊन होतं. आणि बोटांना लागलं, अंड्यासारखं.

अकरा नव्हते. चार होते. ते काढले, त्यांच्याखालचं पांढऱ्या सुताचं एक ढेकूळ काढलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. सून दर्शन करून आली तेव्हा मी हात पुसत होते. "काय शोधून राह्यल्या आई, कचऱ्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चल लवकर. घरी जाऊन जुनं तरट भिजवाचं हाय."